हॉथॉर्न येथील संशोधन आणि त्याचा सामाजिक परिणाम

१

व्यवस्थापनशास्त्राचे शिक्षण देणाऱ्या संस्थांनी केलेल्या संशोधनाचा समाजाला उपयोग किती, हा प्रश्न अलीकडे वारंवार विचारला जातो. त्याचे उत्तर बहुधा प्रबंधांची व लेखांची संख्या, त्यांना मिळालेले उल्लेख आणि उद्योगांनी दिलेली मान्यता यांच्या हिशेबाने देण्यात येते. परंतु संशोधनाचा समाजावर होणारा परिणाम ही एकसंध वस्तू नव्हे. मूळ निरीक्षणे, त्या निरीक्षणांवर उभारलेली उपपत्ती आणि त्या उपपत्तीतून रूढ झालेली संज्ञा अशा तीन गोष्टी समाजात जातात. आणि तिन्हींची वाटचाल एकाच दिशेने व एकाच गतीने होते असे नाही. या म्हणण्याची प्रचीती ज्या एका उदाहरणावरून फार स्पष्टपणे येते, ते उदाहरण म्हणजे अमेरिकेतील हॉथॉर्न कारखान्यात १९२४ ते १९३२ या काळात झालेले प्रयोग आणि हार्वर्ड विद्यापीठाच्या व्यवसाय-विद्यालयाने त्या प्रयोगांना दिलेला अर्थ होय.

हॉथॉर्नचा कारखाना शिकागो शहराला लागून असलेल्या सिसेरो या गावी होता. वेस्टर्न इलेक्ट्रिक या कंपनीच्या मालकीच्या या कारखान्यात दूरध्वनियंत्रणेला लागणारी सर्व सामग्री तयार होत असे. १९२९ च्या सुमारास तेथे सुमारे ४० हजार माणसे कामाला होती. त्यांत युरोपातून येऊन स्थायिक झालेल्या पोलिश, चेक, इटालियन इत्यादी कुटुंबांतील तरुण स्त्री-पुरुषांचा भरणा मोठा होता. आज तो कारखाना अस्तित्वात नाही. १९८० नंतरच्या दशकात तो बंद पडला. मात्र त्याचे नाव मानसशास्त्र, समाजशास्त्र, शिक्षणशास्त्र आणि वैद्यक यांच्या पाठ्यपुस्तकांत अद्याप टिकून आहे. कारखाना गेला आणि त्याचे नाव संज्ञा होऊन उरले, ही घटना विचार करण्याजोगी आहे.

२

या प्रयोगांचा आरंभ हार्वर्डने केला नाही, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. १९२४ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या वतीने प्रकाश आणि उत्पादन यांच्या संबंधाची पाहणी सुरू झाली. विजेच्या दिव्यांचा खप वाढावा अशी इच्छा असलेल्या उद्योगांना या पाहणीत स्वाभाविकच रस होता. उजेड वाढविला म्हणजे काम वाढते, एवढे सिद्ध झाले असते तर हे प्रकरण तेथेच संपले असते. तसे झाले नाही. उजेड वाढविला तेव्हा काम वाढले; ज्या तुकडीचा उजेड कायम ठेवला होता तिचेही काम वाढले; आणि एका चाचणीत दोन कामकरी स्त्रियांनी चांदण्याइतक्या मंद प्रकाशातही आपल्या कामाचा वेग टिकवून धरला. १९२७ च्या एप्रिलमध्ये ही पाहणी आटोपती घेण्यात आली. प्रकाशाखेरीज दुसरे काहीतरी येथे कार्य करीत आहे, एवढाच बोध तिच्यातून निघाला होता.

ते दुसरे काहीतरी शोधण्यासाठी कंपनीच्या अधिकाऱ्यांनी त्याच महिन्यात एक लहानशी खोली वेगळी केली. दूरध्वनियंत्रणेतील ‘रिले’ नावाचे उपकरण जोडणाऱ्या पाच तरुणी आणि त्यांना सुटे भाग पुरविणारी सहावी, अशा सहाजणी त्या खोलीत बसविण्यात आल्या. एका रिलेत सुमारे ३५ भाग असत आणि तो जोडावयास सुमारे एक मिनिट लागे. प्रत्येक जोडलेला रिले घसरणीतून खाली पडला की कागदाच्या पट्टीवर एक छिद्र पडत असे. त्यामुळे कोणी केव्हा किती काम केले याची बिनचूक नोंद होई. खोलीचे तापमान, हवेतील ओलावा, मुलींची झोप, त्यांचा आहार आणि त्यांचे आपसातील बोलणे यांचीही नोंद ठेवली जाई. ठराविक मुदतीने त्यांची वैद्यकीय तपासणी होई व त्या वेळी त्यांना आइस्क्रीम देण्यात येई.

प्रयोगाचे टप्पे पाडण्यात आले. प्रथम या मुलींच्या वेतनाची पद्धत बदलली. मूळ विभागात शंभराच्या आसपास माणसांच्या एकत्रित कामावर प्रत्येकीची कमाई ठरत असे. आता ती या लहान तुकडीच्या कामावर ठरू लागली. त्यानंतर पाच मिनिटांच्या दोन विश्रांती, दहा मिनिटांच्या दोन, पाच मिनिटांच्या सहा, सकाळी अल्पोपाहारासह पंधरा मिनिटे व दुपारी दहा मिनिटे, संध्याकाळी अर्धा तास आधी सुटी, पुढे एक तास आधी सुटी, शनिवारची सुटी, असे बदल एकामागून एक करण्यात आले. १९२८ च्या सप्टेंबरात बारावा टप्पा आला. त्यात सर्व सवलती काढून घेऊन कामाचे तास पूर्ववत करण्यात आले. आठवड्याचे एकूण उत्पादन तरीही उतरले नाही. प्रयोगाच्या आरंभापासून मोजले तर पुढे ही वाढ ३० टक्क्यांच्या घरात गेली. हा बारावा टप्पाच पुढे सर्व कथेचा कळसाध्याय ठरला.

३

हार्वर्डच्या व्यवसाय-विद्यालयाचा प्रवेश येथे होतो. १९०८ साली स्थापन झालेल्या या विद्यालयास विद्यापीठातील जुन्या विद्याशाखांच्या पंक्तीत अजून मानाचे पान मिळाले नव्हते. धंद्याचे शिक्षण ही विद्या की केवळ व्यवहारचातुर्य, अशी शंका घेणारे विद्वान तेथेही होते. विद्यालयाचे प्रमुख वॉलेस डोनम यांना आपल्या शाखेस शास्त्राची प्रतिष्ठा मिळवून द्यावयाची होती. १९२६ साली त्यांनी एल्टन मेयो या ऑस्ट्रेलियन विद्वानाला आपल्याकडे आणले आणि १९२७ साली श्रम व थकवा यांच्या अभ्यासासाठी एक प्रयोगशाळा सुरू झाली. मेयो यांच्या संशोधनाला रॉकफेलर घराण्याच्या निधीतून साह्य मिळत होते. मेयो १९२८ साली प्रथम हॉथॉर्नला गेले. तोपर्यंत रिले-खोलीतील प्रयोग सुमारे वर्षभर चालू होता. म्हणजे ज्या कामाचे श्रेय हार्वर्डच्या खात्यावर जमा झाले, त्याची मांडणी मुख्यतः कंपनीच्या माणसांची होती; हार्वर्डने दिला तो अर्थ.

हा अर्थ थोडक्यात असा. उत्पादन वाढले ते विश्रांतीमुळे नव्हे, उजेडामुळे नव्हे, केवळ पैशामुळेही नव्हे. तर या मुलींचा एक जिव्हाळ्याचा गट बनला, त्यांच्याशी विचारविनिमय होऊ लागला, त्यांच्या बोलण्याकडे कोणीतरी लक्ष देऊ लागले, म्हणून. कामगार हा केवळ हिशेबी प्राणी नसून भावना व गटनिष्ठा असलेला माणूस आहे. कारखाना ही जशी उत्पादनाची तशी एक सामाजिक रचना आहे. मेयो यांनी १९३३ च्या आपल्या ग्रंथात ही उपपत्ती मांडली. टी. एन. व्हाइटहेड यांनी १९३८ मध्ये आकडेवारीचे विवेचन केले. आणि १९३९ मध्ये हार्वर्डचे फ्रिट्झ रोथलिसबर्गर व कंपनीचे अधिकारी विल्यम डिक्सन यांचा बृहद्ग्रंथ प्रसिद्ध झाला. टेलर यांच्या कालमापन-पद्धतीत कामगाराच्या हातांचा हिशेब होता. त्याच्या मनाला स्थान नव्हते. त्या पार्श्वभूमीवर हा विचार अनेकांना मुक्तीचा वाटला असल्यास नवल नाही.

उपपत्तीला बळकटी आणणारे आणखी दोन उपक्रम हॉथॉर्नमध्ये झाले. १९२८ ते १९३० या काळात तेथे २१ हजारांहून अधिक मुलाखती घेण्यात आल्या. आरंभी मुलाखत घेणारा ठरलेले प्रश्न विचारीत असे. १९२९ च्या जुलैपासून ती रीत सोडून बोलणाऱ्याला हवे ते बोलू द्यावे, मध्ये वाद घालू नये, उपदेश करू नये, असे ठरले. अर्ध्या तासाची मुलाखत त्यामुळे दीड तासावर गेली. दुसरा उपक्रम १९३१ च्या नोव्हेंबरपासून १९३२ च्या मेपर्यंत चालला. नऊ तारजोडे, तीन डाख देणारे आणि दोन तपासनीस अशा १४ पुरुषांच्या तुकडीचे तिच्यात हस्तक्षेप न करता निरीक्षण करण्यात आले. या तुकडीने ‘दिवसाचे रास्त काम’ किती याचा आपला स्वतःचा नियम ठरविला होता. त्याहून अधिक काम करणाराला आणि फार कमी करणाराला, दोघांनाही ती दोष देई. अधिकाऱ्यांकडे चुगली करणे हा सर्वांत मोठा अपराध मानला जाई. आणि नियम मोडणाराच्या दंडावर ठोसा मारून त्याला समज दिली जाई. मंदीमुळे कामगारकपात सुरू झाली आणि हे निरीक्षण थांबले. जास्त काम केले तर दर उतरतील किंवा आपलाच एखादा सोबती घरी बसेल, ही त्या पुरुषांची भीती निराधार होती असे त्या वर्षीच्या परिस्थितीकडे पाहून म्हणवत नाही.

४

हॉथॉर्नच्या संशोधनाचा सामाजिक परिणाम मोठा झाला, याविषयी दुमत नाही. ‘मानवी संबंध’ या नावाने ओळखली जाणारी विचारधारा त्यातून उदयास आली. मुकादमांच्या व अधिकाऱ्यांच्या शिक्षणात ऐकून घेण्याच्या कलेला स्थान मिळाले. खुद्द वेस्टर्न इलेक्ट्रिकमध्ये १९३६ पासून १९५६ पर्यंत कामगारांचे समुपदेशन करणारी यंत्रणा चालू राहिली. मात्र हा परिणाम निरीक्षणांचा होता की उपपत्तीचा, हे पाहू गेले असता काही अवघड गोष्टी समोर येतात.

पहिली गोष्ट रिले-खोलीतील दोन मुलींची. १९२८ च्या जानेवारीत, म्हणजे प्रयोग सुरू झाल्यावर आठ-नऊ महिन्यांनी, पाचांपैकी दोघींना त्या खोलीतून काढून मूळ विभागात परत पाठविण्यात आले. कारण, त्या फार बोलत, सांगितलेले ऐकत नसत आणि त्यांचे सहकार्य पुरेसे नव्हते. त्यांच्या जागी ज्या दोघी आल्या त्या कामात अधिक तरबेज होत्या. त्यांपैकी एकीवर घरखर्चाचा बराच भार होता आणि पुढे तीच तुकडीची म्होरकी बनली. उत्पादनातील लक्षणीय वाढ या बदलानंतरची आहे. ही हकीकत कोणी दडविली नव्हती. मूळ ग्रंथांत ती नोंदलेली आहे. परंतु पाठ्यपुस्तकांत जी कथा गेली तिच्यात या दोघींना जागा उरली नाही. कामगाराचे बोलणे ऐकून घेतल्याने उत्पादन वाढते असा ज्या प्रयोगाचा बोध सांगतात, त्याच प्रयोगातून दोघींना बोलण्यावरून काढण्यात आले होते.

दुसरी गोष्ट वेतनाची. केवळ लहान-गट-वेतनाचा परिणाम पाहण्यासाठी आणखी पाच मुलींची एक तुकडी निवडण्यात आली होती. तिचे उत्पादन लगेच बारा-तेरा टक्क्यांनी वाढले. विभागातील इतरांत असंतोष पसरल्यामुळे नऊ आठवड्यांत ती चाचणी थांबविली, तेव्हा ते पुन्हा घसरले. अभ्रकाचे पापुद्रे काढणाऱ्या एका तुकडीत वेतनपद्धती न बदलता केवळ विश्रांती व तास बदलले; तेथे काही काळ वाढ झाली आणि नंतर ती ओसरली. या आकड्यांवरून पैशाचे महत्त्व गौण आहे असा निष्कर्ष काढणे कठीण होते. अॅलेक्स केरी यांनी १९६७ साली नेमके याच मुद्द्यावर बोट ठेवले. १९७८ मध्ये फ्रँक व कौल यांनी रिले-खोलीच्या आकडेवारीचे संख्याशास्त्रीय विश्लेषण केले. शिस्तीसाठी केलेला बदल, मंदीची धास्ती आणि विश्रांतीचा वेळ एवढ्यांनीच उत्पादनातील बहुतेक चढउतारांचा उलगडा होतो असे त्यांना आढळले. रिचर्ड गिलेस्पी यांनी १९९१ च्या आपल्या ग्रंथात या प्रयोगांचा अर्थ कसकसा घडत गेला याचा इतिहास लिहिला. हरवले असे समजले जाणारे प्रकाश-प्रयोगांचे आकडे शोधून काढून लेव्हिट व लिस्ट यांनी २०११ मध्ये त्यांची फेरतपासणी प्रसिद्ध केली. दिव्यांतील बदल रविवारी केले जात आणि सोमवारी उत्पादन एरवीही चढते असे, ही साधी गोष्ट त्यांनी निदर्शनास आणली. कथेत सांगितला जाणारा ठळक परिणाम त्यांना आढळला नाही.

५

असे असता ‘हॉथॉर्न परिणाम’ ही संज्ञा दृढमूल कशी झाली? तिचा इतिहास बोधप्रद आहे. मेयो यांनी किंवा रोथलिसबर्गर यांनी ती बनविलेली नाही. जॉन फ्रेंच यांच्या १९५३ च्या लेखनात ती प्रथम आढळते. १९५८ मध्ये हेन्री लँड्सबर्गर यांनी हॉथॉर्नचे फेरपरीक्षण करणारे पुस्तक लिहिले. तिचे जनकत्व पुष्कळदा त्यांच्याकडे दिले जाते, पण ते बरोबर नाही. ‘आपले निरीक्षण होत आहे या जाणिवेने माणसाच्या वागण्यात पडणारा फरक’ असा तिचा अर्थ ठरला. हा अर्थ मेयो यांच्या उपपत्तीहून वेगळा आहे. मेयो गटाविषयी बोलत होते. संज्ञा निरीक्षणाविषयी बोलते. आणि वैद्यकातील चाचण्यांत किंवा शाळांतील प्रयोगांत ती वापरणाऱ्यास रिले म्हणजे काय हे ठाऊक असण्याचीही गरज उरली नाही.

भाषेच्या अभ्यासकाला यात नवल वाटू नये. शब्द आपल्या व्युत्पत्तीशी एकनिष्ठ राहत नाही. ज्या गरजेसाठी तो वापरला जातो ती गरज त्याचा अर्थ ठरवते. प्रयोगशास्त्राला निरीक्षणाच्या परिणामासाठी एक नाव हवे होते. ते हॉथॉर्नने पुरविले. मात्र नाव एकदा रूढ झाले की ते पुराव्याचे काम करू लागते. ज्याला नाव आहे ते असलेच पाहिजे, असा समज मागील दाराने शिरतो. हॉथॉर्नच्या बाबतीत नेमके हेच झाले. मूळ आकडे धुळीत पडले असताना संज्ञा त्यांच्या वतीने अर्धशतकाहून अधिक काळ साक्ष देत राहिली.

याहून गंभीर प्रश्न मुलाखतींचा आहे. कामगाराच्या तक्रारीत उघड आशय आणि गर्भित आशय असे दोन थर असतात, असे रोथलिसबर्गर व डिक्सन यांचे प्रतिपादन होते. त्यांचे एक उदाहरण प्रसिद्ध आहे. आपल्या कामाचे दर फार कमी आहेत, अशी एका कामगाराची तक्रार होती. मुलाखतीत कळले की त्याची पत्नी रुग्णालयात असून डॉक्टरांचे पैसे कसे भागवावे या विवंचनेत तो आहे. ग्रंथकारांनी यावरून असा अर्थ लावला की, तक्रारीचा खरा आशय दरांविषयी नसून त्याच्या या विवंचनेविषयी आहे. हर्बर्ट मार्क्यूज यांनी १९६४ च्या आपल्या ग्रंथात याच उदाहरणाचे विवेचन केले आहे. ‘दर कमी आहेत’ हे विधान सर्व कामगारांना लागू पडणारे आहे. त्याचे ‘या माणसाला या महिन्यात पैसे पुरत नाहीत’ असे भाषांतर झाले की विधानाची व्याप्ती आकुंचित होते आणि त्याबरोबर त्यातील मागणीही नाहीशी होते, असा त्यांचा आक्षेप आहे.

या आक्षेपात तथ्य आहे. तक्रार ही उक्ती दुहेरी असते. ती बोलणाऱ्याच्या मनाची अवस्था प्रकट करते, आणि जगातील एका स्थितीविषयी काही प्रतिपादनही करते. पहिल्या अंगाकडे लक्ष देणे हे माणुसकीचे आहे. पण त्यासाठी दुसरे अंग रद्द करणे म्हणजे बोलणाऱ्याला साक्षीदाराच्या पिंजऱ्यातून उठवून रुग्णाच्या खाटेवर निजविणे होय. साक्षीदाराचे म्हणणे खरे की खोटे हे तपासावे लागते. रुग्णाचे फक्त ऐकून घ्यावे लागते. वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या समुपदेशकांना कामगारांचे ऐकण्याचा अधिकार होता, दर बदलण्याचा नव्हता. डॅनियल बेल यांनी १९४७ मध्येच या सर्व विचारधारेवर जी टीका केली, तिचा रोख असाच होता: यंत्र बदलण्याऐवजी माणसाला यंत्राशी जुळवून घ्यावयास शिकविणे, हे शास्त्राचे कार्य होऊ शकत नाही. कामगारसंघटनांचा विचार या संशोधनात जवळजवळ नाही, ही उणीवही याच दृष्टिकोनातून आलेली आहे.

६

तथापि हॉथॉर्नचा वारसा केवळ उणिवांचा आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल. कामाच्या जागी गट असतो, त्याचे नियम असतात आणि ते समजून घेतल्यावाचून वरून काढलेला कोणताही हुकूम नीट अमलात येत नाही, ही दृष्टी टिकाऊ ठरली. तिचे एक निराळे आणि अधिक धीट रूप भारतात पाहावयास मिळाले. तेव्हाच्या मुंबई राज्यातील अहमदाबाद येथे १९४७ साली वस्त्रोद्योगाची संशोधनसंस्था ‘अटिरा’ स्थापन झाली. तिच्या मानसशास्त्रीय विभागाचे काम कमला चौधरी यांनी उभे केले. त्याच शहरातील कॅलिको गिरणीत लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे ए. के. राइस यांनी १९५३ मध्ये प्रयोग केला. २२४ स्वयंचलित मागांच्या खात्यात प्रत्येक कामगाराला एकेक तुटक काम नेमून दिलेले होते. कोणत्या मागांची जबाबदारी कोणाची, हे त्यामुळे कोणालाच सांगता येत नव्हते. ठराविक मागांचा एक संच एका लहान गटाच्या स्वाधीन करावा, ही कल्पना राइस यांनी मांडली. पण गटांची प्रत्यक्ष रचना कामगारांनी व देखरेख करणाऱ्यांनी आपसात केली. एरिक मिलर यांनी १९७० मध्ये पुन्हा पाहणी केली तेव्हा काही ठिकाणी ही पद्धत टिकून होती, तर काही ठिकाणी ती विस्कटली होती. बाह्य परिस्थिती बदलल्यावर प्रयोगाचे काय होते, हेही मिलर यांनी लपवून न ठेवता लिहिले.

१९६१ मध्ये अहमदाबादेस भारतीय व्यवस्थापन संस्था स्थापन झाली, तेव्हा हार्वर्डचे व्यवसाय-विद्यालय तिचे सहकारी होते आणि कमला चौधरी तिच्या आरंभीच्या अध्यापकवर्गात होत्या. अशा रीतीने हार्वर्डची परंपरा आणि अहमदाबादचा स्वतःचा अनुभव एका ठिकाणी आले. या दोहोंतील भेद विसरण्याजोगा नाही. हॉथॉर्नमध्ये कामगारांचे निरीक्षण झाले आणि अर्थ इतरांनी लावला. कॅलिकोत प्रयोगाचा मुख्य भाग कामगारांच्या निर्णयातूनच घडला.

तेव्हा व्यवसाय-विद्यालयाच्या संशोधनाचा सामाजिक परिणाम मोजताना दोन प्रश्न वेगळे ठेवणे आवश्यक आहे. परिणाम किती झाला, हा पहिला. आणि परिणाम कशाचा झाला, हा दुसरा. हॉथॉर्नच्या बाबतीत पहिल्याचे उत्तर ‘फार मोठा’ असे आहे. दुसऱ्याचे उत्तर मिळावयास मात्र मूळ नोंदी जपून ठेवाव्या लागल्या, त्या पुन्हा उघडाव्या लागल्या आणि कीर्तिमान ग्रंथांच्या निष्कर्षांवर प्रश्नचिन्ह लावण्याचे धैर्य पुढील पिढ्यांना दाखवावे लागले. आज हे सर्व साहित्य ग्रंथालयांत अभ्यासकांना उपलब्ध आहे, हे त्या संशोधनाचे कदाचित सर्वांत मोठे ऋण मानावे लागेल. छिद्रे पाडलेल्या कागदी पट्टीने नोंद केली होती म्हणूनच नव्वद वर्षांनंतरही त्या खोलीत काय घडले याविषयी वाद घालता येतो. ज्या दोघींना बोलण्यावरून खोलीबाहेर काढले, त्यांचे बोलणेही त्या काळच्या नोंदवहीत उतरलेले आहे; आणि ज्या विद्यार्थ्याला या विषयावर नव्याने काम करावयाचे असेल, त्याने आरंभ तेथूनच करावा हे उचित.